वेपिंग रोखायला शाळेत काय कामी येतं, काय वाया जातं

गेल्या वर्षीची गोष्ट. मधली सुट्टी संपली होती, मी फळा पुसत होते. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाच्या उघड्या कंपासपेटीत बोटभर लांबीची फिकट जांभळी वस्तू दिसली. हायलायटर असेल म्हणून उचलली आणि परत ठेवली. मागची दोन मुलं एकमेकांकडे बघून हसली, म्हणून पुन्हा उचलली. टोपण निघेना. नाकाजवळ नेली तर कलिंगडाच्या गोळीसारखा वास. मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. बॅटरी शिकवते, विजेनं तापणारी तार शिकवते. तरी ती वस्तू म्हणजे वेप, ई-सिगारेट आहे, हे ओळखायला मला दोन मिनिटं लागली.

त्या आठवड्यात शाळेनं जे करायचं ते सगळं केलं. मोठ्या बाईंनी सभागृहात मुलं बसवली, बाहेरून वक्ते आले, पडद्यावर काळी फुप्फुसं दाखवली, शेवटी हात पुढे करून शपथ झाली. मुलं शांत होती. बाहेर पडताना सातवीतल्या एका मुलानं मला हळूच विचारलं, "बाई, हे मिळतं कुठं?"

त्या प्रश्नानं मला झोप लागली नाही. आपण मुलांना वाचवत होतो की जाहिरात करत होतो? मग मी शोधायला लागले, की जगात कुठं कुठं शाळांनी हे करून पाहिलंय आणि कोणी त्याचा निकाल नीट मोजलाय. बऱ्याच ठिकाणी मोजलाय. आणि आपण केलं तेच सर्वांत कमी उपयोगाचं ठरलंय.

वेपमध्ये असतं काय

वेपिंग म्हणजे ई-सिगारेट ओढणं. आत बॅटरी, बारीक तारेचं वेटोळं, त्याला लागून कापूस आणि कापसात मुरलेला द्रव. ओढलं की तार तापते आणि द्रवाचा फवारा होतो. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाची रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटीन असतं. निकोटीन म्हणजे तंबाखूतला तो पदार्थ, जो एकदा घेतला की पुन्हा मागायला लावतो.

मुलं म्हणतात, "नुसती वाफ आहे." चहाच्या पातेल्यावर येते ती वाफ, म्हणजे पाणी. वेपमधून येतं ते डिओच्या फवाऱ्याच्या जवळचं आहे, रसायनांचे हवेत तरंगणारे बारीक थेंब. तापलेल्या तारेमुळे निकेल, शिसं अशा धातूंचे अंशही त्यात सापडलेत.

खरी मेख पुढे आहे. साधं निकोटीन घशाला झोंबतं. पहिल्या सिगारेटला ठसका लागतो आणि कितीतरी पोरं तिथंच थांबतात. ती झोंब म्हणजे दारावरचा राखणदार होता. २०१५ मध्ये अमेरिकेत 'जूल' नावाची ई-सिगारेट आली, तिच्यात निकोटीनला बेंझोइक आम्लाची जोड दिलेली होती. आपण अळूच्या फदफद्यात चिंच का घालतो? घसा खाजू नये म्हणून. अळू तेच असतं, घशाची तक्रार बंद होते. इथंही तेच झालं. निकोटीन भरपूर, ठसका नाही. जूलच्या एका पॉडमध्ये, म्हणजे द्रवाच्या छोट्या डबीत, साधारण वीस सिगारेटच्या पाकिटाइतकं निकोटीन असे. चौदा वर्षांच्या मुलानं सिगारेटचं आख्खं पाकीट ओढलं तर त्याला ओकारी येईल. पॉड तो आठवड्याभरात सहज संपवतो आणि त्याला कळतही नाही.

"थांब, जरा विचार कर" असं सांगणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. त्या घडणीच्या काळातच निकोटीन आत शिरतं, म्हणून किशोरवयात लागलेलं व्यसन सोडणं जास्त जड जातं.

"पण भारतात तर बंदी आहे ना?"

आहे, आणि कडक आहे. १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, तिची जाहिरात करणं, सगळ्यावर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा पकडलं तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. साठा ठेवल्याबद्दल वेगळी शिक्षा. ओढणाऱ्याला शिक्षा सांगणारं कलम मात्र त्यात नाही, हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

पण महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि एसटी स्टँडच्या कोपऱ्यात काय पडलेलं असतं ते आपल्याला माहीत आहे. बंदीनं माल महाग होतो, लपून मिळतो, काही जणांच्या हाताबाहेर राहतो. हे छोटं काम नाही. पण ज्याच्या मोबाइलवर कोणी घरपोच देणारा आहे, त्या मुलाच्या डोक्यात काय चाललंय तिथं कायदा पोचत नाही.

२०१९ च्या जागतिक युवक तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांपैकी ८.५ टक्के मुलं कुठला ना कुठला तंबाखू वापरत होती. ई-सिगारेट ऐकून माहीत असलेली २८.४ टक्के, आणि कधीतरी ओढून पाहिलेली २.८ टक्के. हा शेवटचा आकडा लहान आहे, आणि म्हणूनच मला घाई वाटते. हे लोण पसरण्याआधी थांबवता येईल, अशी संधी आपल्याला मावा-मिश्रीच्या बाबतीत कधी मिळालीच नव्हती.

शाळेच्या भिंतीवर पाटी आहे, मग?

केंद्र सरकारचे 'तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्था' म्हणून नऊ निकष आहेत. आवारात पाटी, फाटकावर पाटी, आवारात तंबाखू वापरल्याची खूण नसणं, दुष्परिणाम सांगणारी पोस्टर्स, सहा महिन्यांत किमान एक उपक्रम, तंबाखू नियंत्रणासाठी नेमलेली माणसं, आचारसंहितेत तसा नियम, शंभर यार्डांवर पिवळी रेघ आणि त्या रेघेच्या आत तंबाखूचं दुकान नसणं. शंभर यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर.

मी या निकषांच्या बाजूची आहे. शाळेसमोरची टपरी हलली की फरक पडतो, तो मी डोळ्यांनी पाहिलाय. पण यादी पुन्हा वाचा. बहुतेक कलमं भिंतीची, फाटकाची आणि रस्त्याची आहेत. तंबाखू दिसतो, त्याच्यासाठी ती बरोबर आहेत. वेपला पिचकारी नाही, थोटूक नाही, टपरी नाही, आणि वास आला तर तो गोळीचा. 'आवारात खूण नाही' या रकान्यात शाळा मनापासून बरोबरची खूण करील आणि कंपासपेटीतली वस्तू कंपासपेटीतच राहील. मुलाशी थेट बोलणारं कलम एकच, सहा महिन्यांतून एक उपक्रम. आणि उपक्रम म्हटलं की आपल्याकडे काय होतं? प्रभातफेरी, नाहीतर चित्रकला स्पर्धा.

माहिती दिली म्हणजे मुलं वाचतील?

हा समज अमेरिकेनं फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस वर्गात येऊन अमली पदार्थांचे धोके सांगत. पालक खूश, शाळा खूश, देशभर पसरला. नंतर संशोधकांनी त्याच मुलांचा वर्षानुवर्षं माग घेतला तेव्हा कार्यक्रम झालेली आणि न झालेली मुलं जवळजवळ सारखीच निघाली.

२०१३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं शाळांतल्या धूम्रपानविरोधी कार्यक्रमांचा आढावा घेतला. नुसती माहिती देणाऱ्या कार्यक्रमांचा परिणाम दिसला नाही. सगळे कार्यक्रम मिळून पाहिले तर वर्षाहून जास्त काळानंतर सिगारेट सुरू करण्याचं प्रमाण सरासरी १२ टक्क्यांनी कमी होतं, आणि ज्यांत मुलांना निर्णय घेणं, ताण सांभाळणं, नकार देणं शिकवलं होतं, तिथं परिणाम जास्त दिसला. बारा टक्के म्हणजे चमत्कार नाही. पण हजारो मुलांच्या जिल्ह्यात बारा टक्के किती घरं होतात, ते मोजून बघा.

विहिरीवर पोहायला शिकवताना आपण काय करतो? बुडण्याचे धोके फळ्यावर लिहीत नाही. पाठीला डबा बांधतो आणि पाण्यात सोडतो, पुन्हा पुन्हा. वेप समोर येतो तेव्हा मुलगा एकटा नसतो. क्लास सुटल्यावर पार्किंगमध्ये चार मित्र असतात, त्यातला एक त्याला आवडत असतो, आणि उत्तर द्यायला दोन सेकंद असतात. त्या दोन सेकंदांत काळ्या फुप्फुसाचं चित्र आठवत नाही. सराव झालेलं वाक्य असेल तर तेच तोंडून निघतं.

मग वर्गात करायचं काय?

पहिलं काम, "सगळेच करतात" हा गैरसमज काढणं. मी नववीत चिठ्ठ्यांचा प्रयोग केला. नाव न लिहिता एका चिठ्ठीवर लिहायचं की वर्गातल्या किती जणांनी वेप ओढून पाहिला असेल, दुसरीवर लिहायचं की तू पाहिलास का, हो किंवा नाही. पहिल्या ढिगात 'निम्मा वर्ग', 'मुलींशिवाय सगळे' असली उत्तरं. दुसरा ढीग मोजला तेव्हा 'हो' एका हाताच्या बोटांवर मावले. वर्ग गप्प झाला. माझ्या कुठल्याही तासाला तो इतका गप्प झालेला मला आठवत नाही. मंडळापुढे डीजे लावणारे दहा असतात आणि दारं लावून बसणारे पाचशे, पण आवाज दहांचाच येतो. मुलांच्या डोक्यात तसंच झालेलं असतं. एक काळजी मात्र घ्या. चिठ्ठ्या आधी स्वतः मोजायच्या. 'हो' खरंच जास्त निघाले तर ते वर्गात जाहीर करायचे नाहीत, तिथं वेगळी मदत लागते.

दुसरं काम, सराव. मी मुलांना म्हटलं, नकार द्यायचं वाक्य तुम्ही शोधा. पहिल्या मुलीनं पुस्तकी वाक्य म्हटलं, "धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे." वर्ग हसला. दुसरा म्हणाला, "पप्पा मारतील." मागून आवाज आला, "पप्पांना कोण सांगतंय?" तिसऱ्यानं मानही न वळवता म्हटलं, "तूच ओढ, मला वडापाव घेऊन दे." टाळ्या पडल्या. ते वाक्य टिकलं, कारण ते त्यांच्या तोंडचं होतं. मग आम्ही त्याच्यापुढचा धक्का घेतला. समोरचा "घाबरला रे" म्हणाला तर? मानसशास्त्रात याला लसीसारखं समजतात. आग्रहाचा सौम्य डोस वर्गात मिळाला की खऱ्या आग्रहाला मन तयार असतं.

तिसरं काम, योग्य मुलं हाताशी धरणं. इंग्लंडच्या पश्चिम भागात आणि वेल्समध्ये ५९ शाळांत प्रयोग झाला. त्यातल्या साधारण निम्म्या शाळांत १२-१३ वर्षांच्या मुलांना विचारलं, तुमच्यात कोणाचं ऐकलं जातं? ज्यांची नावं आली त्यांना प्रशिक्षण दिलं आणि सांगितलं, भाषण करू नका, गप्पांमध्ये विषय काढा. २००८ मध्ये निकाल आला, पुढच्या दोन वर्षांत त्या शाळांत सिगारेट ओढण्याची शक्यता बाकीच्या शाळांपेक्षा साधारण पाचव्या हिश्शानं कमी होती. शिक्षकांनी निवडलेला मॉनिटर आणि मुलांनी निवडलेला पुढारी हे क्वचितच एक असतात. माझ्या वर्गात सर्वाधिक चिठ्ठ्या शेवटच्या बाकावरच्या एका मुलाच्या नावानं आल्या. त्याचं प्रगतिपुस्तक बघून कोणी त्याला स्टेजवर बोलावलं नसतं.

हे सगळं परदेशातलं. आपल्याकडे?

आपल्याकडचा पुरावा उत्तम आहे, फक्त तो शिक्षकांपर्यंत पोचलेला नाही. दिल्ली आणि चेन्नईच्या ३२ शाळांत २००४ ते २००६ 'मैत्री' नावाचा प्रकल्प झाला. वर्गातले उपक्रम, पोस्टर्स, पालकांना सामील करून घेणं आणि मुलांनीच चालवलेली मोहीम, अशी त्याची रचना. काही शाळांत कार्यक्रम झाला, काहींत नाही. दोन वर्षांनी कार्यक्रम नसलेल्या शाळांत तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला होता, कार्यक्रम झालेल्या शाळांत १७ टक्क्यांनी घटला होता.

त्याच प्रकल्पाच्या सुरुवातीच्या पाहणीत एक गोष्ट निघाली, जिनं मी हादरले. तंबाखू कधी ना कधी वापरलेली मुलं आठवीत ९.३ टक्के होती आणि सहावीत २४.८ टक्के. लहान मुलं पुढे होती! म्हणजे आपण नववी-दहावीत 'आता मोठी झाली, आता सांगू' म्हणतो तेव्हा उशीर झालेला असतो. सहावी हे सुरुवातीचं वय आहे.

वेपसाठीच बनवलेल्या कार्यक्रमांत सिडनी विद्यापीठाच्या मटिल्डा सेंटरचं काम लक्षात राहतं. सातवी-आठवीसाठी चार तासिका, कार्टूनच्या गोष्टींतून. ४० शाळांत चाचणी झाली, आणि वर्षभरानंतर कार्यक्रम झालेल्या मुलांनी वेप वापरण्याची शक्यता ६५ टक्क्यांनी कमी निघाली. चार तासिका! "पोर्शन कसा पुरा करायचा" हा प्रश्न मलाही पडतो, पण चार तासिका आम्ही स्नेहसंमेलनाच्या सरावाला डोळे मिटून देतो.

"सांगून कुतूहल वाढलं तर?"

पालकसभेत हा प्रश्न येतोच, आणि तो चुकीचा नाही. सभागृहाबाहेर सातवीतल्या त्या मुलानं मला विचारलेला प्रश्न त्याचाच पुरावा आहे. कुतूहल वाढतं ते वस्तू हातात देऊन, धुराची वलयं पडद्यावर दाखवून, फ्लेवरची नावं वाचून. चांगल्या कार्यक्रमात हे काहीच नसतं. बोलणं असतं ते मैत्रीबद्दल, दबावाबद्दल, आणि कोण कोणाच्या खिशातून पैसे काढतंय याबद्दल. हा शेवटचा मुद्दा मुलांना फार लागतो. आपल्याला कोणी मूर्ख बनवतंय हे कळलं की तेरा वर्षांचं मूल पेटून उठतं. गोड वास आणि अळूतल्या चिंचेची युक्ती सांगितली, तेव्हा मुलं मला पहिल्यांदा प्रश्न विचारायला लागली.

फुकट कार्यक्रम घेऊन कोणी आलं तर

आधी विचारा, पैसा कोणाचा? जुलै २०१९ मध्ये अमेरिकन संसदेच्या उपसमितीपुढे न्यूयॉर्कच्या किशोरवयीन मुलांनी साक्ष दिली. व्यसनाबद्दलच्या कार्यक्रमासाठी जूलचा माणूस त्यांच्या शाळेत आला होता, शिक्षक वर्गात नव्हते, आणि त्यानं आमचं उत्पादन पूर्णपणे सुरक्षित आहे असं सांगितलं. त्याआधी १९९८ मध्ये फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीनं मुलांनी सिगारेट ओढू नये म्हणून जाहिराती केल्या होत्या. त्या पाहिलेल्या मुलांचं तंबाखू कंपन्यांबद्दलचं मत चांगलं झालं, असं अभ्यासात दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये शाळांसाठी मार्गदर्शिका काढली, तीत या उद्योगाकडून प्रायोजकत्व घेऊ नका, हे स्पष्ट सांगितलंय.

पकडलेल्या मुलाचं काय करायचं?

आमच्या स्टाफरूममध्ये यावर दोन तट पडले. एक म्हणाला, दाखला हातात द्या, बाकीच्यांना जरब बसेल. मी दुसऱ्या तटात होते. कायदासुद्धा ओढणाऱ्याच्या मागे लागत नाही, विकणाऱ्याच्या लागतो. घरी बसवलेल्या मुलाला रिकामा दिवस मिळतो आणि वेप देणारा मित्र तर बाहेरच असतो. शिवाय एकाला काढलं की बाकीचे कधी मदत मागायला येणार नाहीत. बाथरूममध्ये वेप ओळखणारी यंत्रं बसवा, रोज दप्तरं तपासा, हेही काही शाळांनी केलं. त्यानं वस्तू सापडते, सवय शाळेबाहेर सरकते.

शिस्त नको असं नाही. वस्तू जप्त व्हावी, पालकांना बोलवावं, कोणी दिली ते शांतपणे विचारावं. पण ज्या मुलाला सकाळी उठल्यावर पहिली आठवण वेपची येते, तो आता उनाड राहिलेला नाही, त्याला उपचार हवेत. अमेरिकेत १३ ते १७ वयाच्या मुलांना वेप सोडण्यासाठी मोबाइलवर रोज मेसेज पाठवणारा कार्यक्रम तपासला गेला. सात महिन्यांनी, २०२४ मध्ये छापून आलेल्या निकालानुसार, मेसेज मिळालेल्यांपैकी ३७.८ टक्के मुलं वेपपासून दूर होती, न मिळालेल्यांपैकी २८ टक्के.

"निदान सिगारेटपेक्षा तरी बरं ना?"

वीस वर्षं सिगारेट ओढणाऱ्या माणसाबद्दल ही चर्चा होऊ शकते, ब्रिटनमध्ये होतेही. सातवीतल्या मुलापुढे सिगारेट की वेप असा प्रश्नच नसतो. त्याच्यापुढे काहीच नाही की वेप, एवढाच असतो.

अमेरिकेत २०१९ मध्ये नववी ते बारावीच्या २७.५ टक्के मुलांनी वेप ओढत असल्याचं सांगितलं होतं. २०२४ मध्ये तो आकडा ७.८ वर आला. हे एकट्या शाळांनी केलं असं म्हणणं खोटं ठरेल. विक्रीचं वय २१ झालं, फ्लेवरवर बंधनं आली, करोनात शाळा बंद राहिल्या, जाहिराती झाल्या. पण लाट ओसरू शकते, एवढं त्यातून दिसतं.

कंपासपेटीवाल्या मुलाची आई मला भेटायला आली तेव्हा तिचे हात थरथरत होते. "बाई, शाळेतून काढू नका," एवढंच ती तीनदा म्हणाली. आम्ही तिघांनी विज्ञान प्रयोगशाळेत बसून १८००-११२-३५६ या सरकारी तंबाखूमुक्ती हेल्पलाइनला फोन लावला. तो निःशुल्क आहे. पलीकडच्या समुपदेशकानं मुलाला पहिला प्रश्न विचारला, "दिवसातून सगळ्यात जास्त कधी आठवण येते?" तो बराच वेळ गप्प बसला. मग आईकडे न बघता म्हणाला, "क्लासला जाताना. बसमध्ये." आम्ही कोणीच त्याला हे विचारलं नव्हतं.